चार नंबरची जोडी

३ तारीख, सोमवार

अहवालात जे बसत नाही ते लिहायला ही वही घेतली आहे. अहवालात मोजमाप जातं. बाकीचं कुठेतरी उतरवून ठेवलं नाही, तर ते पुढच्या अहवालात डोकावतं.

आज नवीन दावा हातात आला. पत्र्याचे भाग बनवणारा कारखाना, चार नंबरचा प्रेस. ऑपरेटर, वय त्रेचाळीस, त्या प्रेसवर बारा वर्षं, उजवा हात मनगटापासून गेला. प्रेसला दोन बटणं आहेत, दोन हात अंतरावर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, साच्यात हात असण्याचा प्रश्नच नाही. कारखान्याचं म्हणणं असं की ऑपरेटरने लवकर काम उरकायला उजव्या बटणात लाकडाची पाचर ठोकली असणार. चूक त्याची, म्हणून भरपाई निम्मी. माझं काम ठरलेलं आहे: मशीन पाहायचं, माणूस पाहायचा, आणि किती महिन्यांचा पगार देणं रास्त होईल तो आकडा काढायचा.

अपघाताची तारीख माझ्या लक्षात आहे. सात आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार, सकाळी दहा वीस. त्याच सकाळी साहेबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि ऑफिस पहिल्यांदाच माझ्यावर सोडलेलं होतं. साहेब परत आल्यावर ही फाइल त्यांनी स्वतःच्या खणात ठेवली. आज दिली. एवढा उशीर का, हे मी विचारलं नाही.

साहेबांना ऑफिसात टकटक साहेब म्हणतात. बोलताना, वाचताना, फोनवर, त्यांचा उजवा तळवा टेबलावर पडत असतो. नोकरीला लागले तेव्हा मी एकदा घड्याळ लावून मोजलं होतं. चौदा सेकंदांनी एकदा. टायपिस्ट बाई म्हणतात, "बँडमध्ये ढोलावर जायचे, चुकून इकडे भरती झाले." डाव्या बाजूला ते कोणालाही बसू देत नाहीत. या महिनाअखेरीस निवृत्त होतील.

फाइल देताना म्हणाले, "माप बाहेरून घे. मशीनपुढे उभी राहू नकोस."

"वीज तोडलेली आहे, साहेब. सील आहे."

"विजेचं नाही म्हणत मी. जागेचं म्हणतोय."

सुरक्षेची सूचना म्हणून नोंद केली.

५ तारीख, बुधवार

कारखाना पाहिला. दोन्ही बटणं तपासली. पाचर ठोकल्याची खूण नाही, रंगावर ओरखडाही नाही. बटणांमधलं अंतर ब्याण्णव सेंटिमीटर.

प्रेससमोरच्या फरशीवर हिरवा रंग आहे. ऑपरेटर उभा राहतो तिथे तो झिजून सिमेंट दिसतं. एका माणसाची झीज मधोमध हवी. इथे चार पावलांची झीज आहे. दोन डाव्या बटणाजवळ, दोन उजव्या. शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतकी.

मी सुपरवायझरला विचारलं, "इथे दोन माणसं उभी राहतात?"

"छे हो. एकच. बाकीचे येता-जाता गप्पा मारत उभे राहतात."

"बारा वर्षं एकाच जागी पाय ठेवून?"

तो हसला. "मॅडम, तुम्ही फरशीसुद्धा तपासणार असाल तर मग मी चहाच सांगतो."

हजेरीपत्रक मागितलं. त्या दिवशी सात नंबरच्या प्रेसवर दावेदाराच्या बायकोचा भाऊ होता. सात नंबर पाहायला गेले. त्याला मोटर नाही. मोटर काढलेल्या जागी धुळीचा जाड थर होता. दोन वर्षांचा तरी असावा.

आणखी एक. चार नंबरला ठोके मोजणारा आकडा आहे, जुन्या पद्धतीचा, दांड्याला जोडलेला. सील करताना लिहिलेला आकडा आणि आजचा आकडा यांत फरक आहे. वीज नसताना दिवसाला साधारण एकोणीसशे वाढले आहेत.

"तो आकडा कायमच पुढे पळतो," सुपरवायझर म्हणाला. "मी इथे लागलो तेव्हापासून. आम्ही वजा करून लिहितो. खोटे ठोके म्हणतो त्यांना."

शेजारच्या मशीनच्या हादऱ्यांमुळे दाते सरकत असावेत.

६ तारीख, गुरुवार

दावेदाराचं घर. दोन खोल्या, भिंतीला लागून पलंग, खिडकीत शिलाई मशीन. दावेदार सडपातळ, दाढी केलेली. डाव्या हाताने केली असावी, हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं होतं. बायको दारातच उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

वेदनेसाठी वेगळा रकाना असतो, जास्तीत जास्त बारा महिन्यांचा पगार. त्यासाठी मी विचारलं, "दुखतं का?"

"दुखतं ते इथे नाही." त्याने उरलेलं मनगट उचललं. "पुढे. जिथे काही नाही तिथे."

हे बहुतेकांना होतं. कापलेला अवयव असल्यासारखा वाटतो. मी वेळ विचारली. त्याने जराही न अडखळता सांगितली. सकाळी आठला सुरू होतं. बाराला थांबतं. साडेबाराला परत सुरू. चारला बंद. सुट्टीच्या दिवशी काहीच नाही.

"हात गेला, हात गेला असं सगळे म्हणतात," तो म्हणाला. "मला वाटतं तो कामावर गेलाय."

"ऐका!" बायको दारातून म्हणाली. "धनी घरात, हात कामावर. आणि पगार दोघांचाही नाही."

"तिथे तो काय करतो?" मी विचारलं. प्रश्न वेदनेचं स्वरूप कळावं म्हणून होता.

"पत्रा ठेवतो. बाहेर येतो. कोपर लावतो. पण पुढे काही होतच नाही. दाबणारा कोणी नाही. मग ताटकळतो बिचारा. आवळून येतो, इतका की मला ओरडावंसं वाटतं."

"कोपर कोणाला लावतो?"

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. घरात चहा झाला नाही. मी पाऊण तास बसले होते.

वेदना: नऊ महिने, असं पेन्सिलने लिहिलं. शरीराला पाळीच्या वेळांची सवय राहिली आहे, हे कारण पुरेसं आहे.

११ तारीख, मंगळवार

बायकोच्या भावाला कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. तिशीचा, तोंडाळ. दावेदाराला दाजी म्हणतो.

"तुम्ही त्या दिवशी सात नंबरवर होतात," मी म्हटलं.

"हो ना. फार सुरक्षित मशीन आहे. मोटरच नाही."

मी हसले नाही. फरशीवरच्या चार पावलांचा फोटो त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो बराच वेळ पाहिला. मग आपला उजवा बूट उचलून तळ पाहिला, जणू तिथला हिरवा रंग अजून लागलेला असेल.

मग सगळं सांगितलं. एका माणसाने दोन्ही बटणं दाबायची तर पत्रा ठेवायला, काढायला हात सोडावे लागतात. वेळ जातो. म्हणून दोघं उभे राहतात. दाजी डावीकडे: डावा हात डाव्या बटणावर कायम दाबलेला, उजव्या हाताने पत्रा आत. हा उजवीकडे: उजवा हात उजव्या बटणावर, डाव्या हाताने तयार माल बाहेर. आतले दोन हात साच्यात, बाहेरचे दोन बटणांवर. मशीनला वाटतं, एकच माणूस आहे. दाजीचा हात बाहेर आला की त्याचं कोपर याच्या डाव्या कोपराला लागतं. मग हा दाबतो. नऊ सेकंदांना एक ठोका, बारा वर्षं. बोलायचं नाही, पाहायचं नाही. फक्त कोपर. पूर्वीच्या जोड्याही असंच करायच्या, यांना त्यांनीच शिकवलं. सुपरवायझरला सगळं ठाऊक आहे. दुसऱ्या माणसाची हजेरी तो सात नंबरवर लावतो.

"आणि त्या दिवशी?"

"कोपर लागलं. मी दाबलं."

"म्हणजे दाजींनीच लावलं?"

"नाहीच लावलं त्यांनी." तो म्हणाला. "मी पाहिलं ना. पत्रा तिरका बसला होता म्हणून ते वाकले होते. त्यांचं कोपर पार खाली होतं. पण मला लागलं, मॅडम. आईशप्पथ लागलं. आपल्या माणसाचं कोपर बारा वर्षांनी कळतं. हे दाजींचं नव्हतं. जरा जाड होतं."

हे लेखी द्याल का, असं विचारलं. त्याच्या सहीने पाचरीची गोष्ट खोटी ठरते, कारखान्याला सगळं माहीत होतं हे सिद्ध होतं आणि भरपाई निम्मी करता येत नाही. पण मग 'मी दाबलं' हेही त्याच्या नावावर कायमचं लागतं.

"कोपर लागलं म्हणून दाबलं असं लिहिणार असाल तर देतो," तो म्हणाला. "नुसतं दाबलं असं लिहिलंत तर ताई मला दारात उभी करणार नाही. आणि करूही नये."

१३ तारीख, गुरुवार

जबाब पटण्यासारखा आहे का ते पाहायला जागेवर जाऊन उभी राहिले. साहेबांची सूचना लक्षात होती. पण दोन माणसांच्या मधलं अंतर बाहेरून मोजता येत नाही.

मेहुण्याच्या जागी, म्हणजे उजव्या दोन पावलांवर, उभी राहिले. उजवा हात बटणावर, डावं कोपर किंचित बाहेर. सुपरवायझर चार मीटर मागे होता. डावीकडची जागा रिकामी.

डाव्या कोपराला स्पर्श झाला. माझ्या उजव्या हाताने बटण दाबलं.

वीज नव्हती, त्यामुळे काहीच झालं नाही. आकड्यातला शेवटचा अंक अर्धा वर सरकून तिथेच राहिला. स्पर्श दोन वेळा झाला, नऊ सेकंदांच्या अंतराने. मी घड्याळ पाहत होते. मग बाजूला झाले.

"लागलं का काही?" सुपरवायझरने विचारलं.

"तुम्ही कधी इथे उभे राहिला आहात?"

"मी सुपरवायझर आहे, मॅडम," तो म्हणाला. "मला लांबून दिसतं."

उघडं कोपर, मोठ्या पंख्याचा वारा, आणि स्पर्शाबद्दल नुकतंच ऐकलेलं. तिन्ही मिळून पुरेसं कारण आहे.

१४ तारीख, शुक्रवार

डाव्या कोपरात अधूनमधून जाणवतं. उजव्या हाताची बोटं टेबलावर दाबली जातात. सकाळी अर्धं पत्र टाइप केलं तर मध्येच अठरा रिकाम्या ओळी पडल्या होत्या.

१७ तारीख, सोमवार

ऑफिसात पोचते तोच दावेदाराचा फोन. आवाज इतका मोकळा की आधी ओळखला नाही.

"मॅडम, दुखायचं थांबलं."

"कधीपासून?"

"गुरुवारी साडेअकराच्या सुमारास. बसलो होतो, आणि एकदम... काय सांगू. हाताला जोडी मिळाली. तो ठेवतो, बाहेर येतो, कोपर लावतो, आणि पलीकडून कोणीतरी दाबतं. आता तो मजेत काम करतोय."

गुरुवारी साडेअकराला मी कारखान्यात होते. योगायोगांचीही नोंद ठेवावी, म्हणून ठेवली.

संध्याकाळी घरी जेवताना आत्या म्हणाली, "अगं, डावीकडे कोणाला जागा धरून ठेवली आहेस? सकाळच्या चहालाही तेच. पुढे सरक, ताटात सांडतंय."

सरकले. पुन्हा पाहिलं तेव्हा जागा तेवढीच सुटलेली होती. आत्या म्हणाली, "लग्नाचं मनात असेल तर सरळ सांग. खुर्ची कशाला राखतेस?"

दोघींनी हसून घेतलं. मी जास्त हसले, तिला विषय पुढे नेता येऊ नये म्हणून.

२० तारीख, गुरुवार

दोघांचे जबाब सही करून घेतले. मेहुणा: डाव्या कोपराला स्पर्श झाला म्हणून बटण दाबलं. दाजी: स्पर्श मी केला नाही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवली. एकही खोटं वाटत नाही. अहवालात तिसरं वाक्य लागत नाही, आणि मी ते शोधायला गेले नाही.

चार नंबरच्या आकड्याची सहज नोंद घेतली. गेल्या गुरुवारपासून वाढ जास्त आहे. दिवसाला एकोणपन्नासशेच्या आसपास. पाच नंबरवर काम वाढलं असावं.

जुन्या दाव्यांची तुलना द्यावी लागते म्हणून दप्तर काढलं. त्याच प्रेसवर एकोणीस वर्षांपूर्वी एक दावा झाला होता. ऑपरेटर डावीकडे उभा राहणारा, उजवा हात मनगटापासून. धिप्पाड माणूस, वजन ब्याण्णव किलो. तेव्हा मशीन संथ होतं, चौदा सेकंदांना एक ठोका. वेदनेच्या रकान्यात लिहिलं आहे: "सुरुवातीला तीव्र, कामाच्या वेळेतच. मूल्यांकनकाराने जागेची पाहणी केल्यानंतर पूर्ण थांबली. दावेदार म्हणतो, हाताला जोडी मिळाली. रक्कम: शून्य."

खाली साहेबांची सही. तेव्हाची, तरुण अक्षरातली.

वेदनेचा रकाना कसा हाताळावा याचा हा थेट दाखला आहे. त्यावरून मी पेन्सिलने लिहिलेले नऊ महिने खोडले.

२४ तारीख, सोमवार

अहवालाच्या मसुद्याची प्रत, नऊ महिने खोडलेली, रीतीप्रमाणे दावेदाराकडे आणि कारखान्याकडे गेली होती. त्याची बायको ऑफिसात आली. शिलाईची कात्री पिशवीत तशीच होती, कामावरून उठून आली असावी.

"दुखत होतं तेव्हा नऊ महिने. बरं वाटलं तर शून्य. म्हणजे यांनी नीट रडत बसायला हवं होतं, असंच ना?"

"वेदना थांबली तर तिची भरपाई देता येत नाही, ताई."

"ती थांबली कशाने ते विचारलंत?"

"कारण माहीत नाही."

"माहीत नसलेल्या गोष्टीला शून्य लिहितात का हो तुमच्यात?"

प्रश्न बरोबर होता.

मग ती खुर्चीवर बसली, माझ्या डावीकडच्या. मी लगेच उठून उभी राहिले. तिला ते उद्धट वाटलं असेल.

म्हणाली, कारखान्याने तडजोडीत नोकरी देऊ केली आहे. दाजीच्या जागी ती. चार नंबर येत्या सोमवारी चालू होणार. डाव्या बाजूला ती, उजव्या बाजूला तिचा भाऊ.

"माझ्या मसुद्यात शिफारस आहे," मी म्हटलं. "त्या मशीनला जाळी बसवल्याशिवाय चालू करू नये. जोडीने तर मुळीच नाही."

"त्यांना पोचली तुमची शिफारस. विचार करणार आहेत म्हणे."

"तुम्ही जाऊ नका."

"मग घर काय तुमच्या शिफारशीवर चालवू?" ती उठली. दारात वळून म्हणाली, "भाऊ आहे शेजारी. त्याचं कोपर मी लहानपणापासून खाल्लंय, एका अंथरुणावर झोपायचो. मला नाही भीती."

२६ तारीख, बुधवार

कोपराचं डॉक्टरांना दाखवलं. कामाच्या वेळेत स्पर्श, दर नऊ सेकंदांनी. जेवणाच्या अर्ध्या तासात नाही, रविवारी नाही. कारखान्याच्या पाळीशी हे जुळतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या निदानाशी त्याचा संबंध नव्हता.

नस दबली आहे, छोटं ऑपरेशन, पूर्ण भूल देऊन. सोमवारी एकतीस तारखेला सकाळी दहाची वेळ मिळाली. आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "तरीच. मला वाटलं तू साहेबांची नक्कल करतेस."

२८ तारीख, शुक्रवार

रजेचा अर्ज साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तारीख वाचली, वेळ वाचली. तळवा टेबलावर पडत होता. माझाही. आवाज एकमेकांत मिसळत नव्हते. त्यांचे चौदा, माझे नऊ.

"दार लाव," ते म्हणाले. मग, "डाव्या कोपराला लागतं?"

"नस दबली आहे."

"मलाही तेच सांगितलं होतं. उभी राहिलीस ना?"

"मोजमापासाठी."

"मीसुद्धा मोजमापासाठीच." ते थोडं हसले. "त्या हाताला तू भेटलीस. आता तो दुसरीकडे जाणार नाही. तुझ्याकडेच येईल. तू दाबत राहिलीस तर कोणाला काही होत नाही. एकोणीस वर्षं मी एक दिवस रजा घेतली नाही, पाळीच्या वेळेत डुलकी काढली नाही. या वर्षी हर्निया फारच वाढला. डॉक्टर म्हणाले, तासाभराची भूल, त्यात काय एवढं."

साहेबांनी माझ्या अर्जावरच्या वेळेवर बोट ठेवलं.

"दहा वाजता मला भूल दिली. दहा वीसला माझ्याकडे येणारा तो जुना हात मला शोधत होता. मी नव्हतो. मग शेजारी जे कोपर मिळालं त्याला लागला. तो मुलगा दाबणार नाही तर काय करणार?" तळवा पडला. "त्या माणसाचा हात मी घालवला. म्हणून फाइल खणात ठेवली होती. तुला द्यायची नव्हती."

"साहेब, याला पुरावा नाही."

"नाही. म्हणून तर अहवालात नाही."

बाहेर पडताना पाहिलं. ते माझ्या बाजूला आले नाहीत, मी त्यांच्या बाजूला गेले नाही. दोघांच्याही डावीकडे सारखीच जागा सुटलेली होती.

साहेबांचं वय साठ आहे. तीन दिवसांनी निवृत्ती. अशा वेळी माणसं आयुष्याला एखादं कारण शोधतात. एवढंच म्हणता येईल.

३० तारीख, रविवार

आज कोपर शांत आहे. त्यामुळे विचार स्वच्छ होतो.

साहेब म्हणतात ते मी मानत नाही. पण न मानणं म्हणजे शून्य नव्हे, हे त्या बाईने मला शिकवलं आहे. हजारात एक एवढी शक्यता धरली. उद्या दहाला मी भुलीखाली असेन. चार नंबर आठला चालू झालेला असेल. साच्यात तिचा हात असेल, शेजारी तिच्या भावाचं डावं कोपर असेल. हाताची किंमत आमच्या तक्त्यात बहात्तर महिन्यांचा पगार. तिला हजाराने भागलं तर जे उरतं ते सुमारे दोन दिवसांची मजुरी. ऑपरेशन पुढे ढकलण्याचा खर्च एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी आहे.

हिशोब स्पष्ट आहे. दवाखान्याला फोन करून वेळ रद्द केली. पुढची कधीची हवी, असं तिथल्या बाईंनी विचारलं. तोच हिशोब पुढच्या प्रत्येक दिवसालाही लागू पडतो हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. "कळवते," म्हटलं.

आत्याने विचारलं, "भीती वाटली का?"

"नाही. महाग पडत होतं."

३१ तारीख, सोमवार

पावणेआठला ऑफिसात आले. साहेब आधीच आलेले होते. निवृत्तीचा हार टायपिस्ट बाईंनी टेबलावर ठेवला होता, त्यांनी तो उजव्या बाजूला सरकवला, तळवा पडायला जागा राहावी म्हणून.

"रजा?" त्यांनी विचारलं.

"रद्द केली."

त्यांनी मान हलवली. "मी घरी करत राहीन," म्हणाले. "बायकोला सवय आहे. माझं माणूस मी सांभाळतो. तुझं तू."

आठ वाजले. डाव्या कोपराला लागलं. हाड बारीक, अलगद, नेमकं. दाजींचं. मी दाबलं.

पहिले दोन तास नुसती बसून होते. नऊ सेकंदांत दुसरं काही करता येतं, पण आज करून पाहिलं नाही. दहा वाजले. दहा वीस झाले. टेलिफोन वाजला नाही. दहा एकवीसला साहेबांनी घाम पुसला.

दुपारी, बारा ते साडेबाराच्या अर्ध्या तासात, अहवाल पुरा केला. हात, बहात्तर महिने. दावेदाराची चूक, नाही. वेदनेच्या रकान्यातला शून्य खोडला आणि शाईने लिहिलं: नऊ महिने, कायम. खाली कारण द्यावं लागतं. दिलं: "वेदना सध्या थांबली असली तरी ती थांबण्याचं कारण दावेदाराच्या शरीरात नाही. ते बाहेर आहे, आणि कधीही बंद पडू शकतं."

साहेबांनी वाचलं. शेवटची सही केली. कोपऱ्यात आणखी काहीतरी लिहिण्यासाठी पेन टेकवलं, मग तसंच उचललं.

"याचा आकडा कमी आहे," ते म्हणाले.

"कोणाचा?"

त्यांनी 'ते बाहेर आहे' या शब्दांवर बोट ठेवलं. साडेबारा वाजत आले होते. दोघांनी आपापले तळवे टेबलावर ठेवले.

पाचला दाजींच्या घरी फोन केला. तिनेच उचलला, नुकतीच कामावरून आलेली. दम लागलेला होता.

"कसा गेला पहिला दिवस?" मी विचारलं.

"अडीच हजार ठोके, मॅडम. खांदे भरून आलेत. भाऊ म्हणतो, ताई, तू दाजींपेक्षा हळू आहेस." मागे कोणीतरी काही बोललं, आणि ती हसली. "दोन्ही हात आहेत, ते विचारायला फोन केलात ना? आहेत. मोजा हवे तर."

"गरज नाही," मी म्हटलं. "उद्या परत करते."